लोकेशन पाठवा

भाताच्या रोपांसाठी राब भाजल्यावर शेताला येणारा तो वास — जळलेल्या पाल्याचा, शेणाचा, तापल्या मातीचा — माझ्या शाळेच्या निळ्या फ्रॉकला एप्रिल संपेपर्यंत चिकटून असायचा, आणि तसल्याच फ्रॉकात मी त्या दिवशी सहावीच्या वर्गात उभी होते. कर्जतहून येणाऱ्या इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर ‘लोकेशन’ हा शब्द लिहिला होता. अर्थ : ठिकाण. वाक्यात उपयोग म्हणून प्रत्येकानं आपल्या घराचं लोकेशन सांगायचं होतं.

आमच्या कडावात तेव्हा प्रत्येक भातखाचराला नाव होतं, आणि त्या नावांवरूनच माणूस माणसाच्या घरी पोहोचायचा. मी ऐटीत सांगितलं, ‘‘सटवाईच्या खाचरावरनं सरळ, आंधळ्या विहिरीला वळसा घातला की आमी.’’ सर पोट धरून हसले. म्हणाले, ‘‘याला लोकेशन नाही, अडाणीपणा म्हणतात.’’ तिथून पुढे वर्षभर सरांनी मला हाक मारली ती ‘खाचर’ अशी. एकदा आई माझा विसरलेला डबा घेऊन दारात आली, तर तिच्यादेखत म्हणाले, ‘‘ए खाचर, तुझी आई आलीये.’’ आई मान खाली घालून परत गेली... ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

आता मी घरचे तांदूळ विकते. परवा भर दुपारी फोन आला आणि नाव सांगायच्या आधीच आवाज ओळखला. सर निवृत्त होऊन शेलूला नव्या इमारतीत राहायला आले होते. मला त्यांनी ओळखलं नव्हतं. ‘‘ताई, तांदूळ न्यायला आलोय, कडावच्या नाक्यावर उभा आहे. लोकेशन पाठवा.’’

एक बोट दाबायचा अवकाश होता. पण मी मुद्दाम गोड आवाजात लहानपणच्याच नावांनी वाट सांगितली, ‘‘मोबाईलमधलं मला कळत नाय हो. गायवाटेनं चालत या, करवंदीच्या पट्टीला डावीकडं वळा, पुढं कुणालाही म्हाताऱ्याचा माळ विचारा.’’ मग चहा ठेवला, ओटीवर पाय पसरून बसले आणि उन्हाकडे बघत राहिले. भाजू देत चांगले. कबूल करते, त्या तासाभरात मला फार बरं वाटलं.

पुन्हा फोन वाजला तेव्हा सरांना धाप लागली होती. नाव सांगून एकदाचं सुनावायचंच, म्हणून कित्येक वर्षांचं वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं.

‘‘पाच जणांना विचारलं,’’ ते म्हणाले. ‘‘दुकानदाराला, प्लॉटिंगच्या वॉचमनला, शाळेतून येणाऱ्या पोरांना... असली नावं इथं कुणी ऐकलेलीच नाहीत. ताई, तुम्ही नक्की इथल्याच ना?’’

मी फोन ठेवला आणि त्यांना लोकेशन पाठवलं.