विसाव्याची घोंगडी

घळवडीच्या जत्रेत देवाची पालखी उघड्या जमिनीवर टेकत नसे. देवळातून निघाल्यापासून पुन्हा देवळात येईपर्यंत ती एकदाच खाली ठेवावयाची, आणि तीही विसाव्याच्या चौथऱ्यावर अंथरलेल्या कोऱ्या काळ्या घोंगडीवर. ही घोंगडी पासली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यातील एकाच घरातून यावी, असा शिरस्ता होता. त्या घरी दुभत्या म्हशी पुष्कळ. मेंढ्या चार-दोनच, त्याही केवळ या घोंगडीच्या लोकरीसाठी पाळलेल्या. हैबती होता तोवर घोंगडी त्याने अंथरली. तो गेल्यावर त्याची बायको सोजराबाई अंथरू लागली; कारण मान घराचा होता, आणि घर सांभाळणारी आता तीच होती.

सोजराबाई उंच, हाडापेराने भक्कम आणि फार थोडे बोलणारी बाई होती. डोक्यावर लोण्याचे मडके घेऊन ती डोंगर उतरे, नसरापूरचा बाजार करी आणि परत डोंगर चढे. वैधव्याचे रडगाणे तिने कोणापुढे गायिले नाही. एकुलती एक मुलगी फुलाबाई हिला तिने घळवडीतच, खाली उतरून शेतीला लागलेल्या धनगरांच्या एका घरात दिली होती. जावई कुंडलिक स्वभावाने गरीब, आणि गरीब माणसाला जो दोष बहुधा असतो तो त्याच्या ठिकाणी होता: मोठ्या आवाजात सांगितलेली कोणतीही गोष्ट त्याला खरी वाटे.

विसाव्याच्या चौथऱ्यापासून देवळाच्या मागील अंगणापर्यंत एक बोळ जातो. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या दगडी भिंती, आणि शेवटी लाकडी दार. नवस बोललेल्या बायका पालखीच्या आधी या बोळात जाऊन बसत. वर्षभरात झालेली मुले पालखीच्या वाटेवर निजवीत, आणि पालखी त्यांच्यावरून जाई. देवाच्या पुढे कोणी बाहेर पडू नये म्हणून शेवटचे दार बाहेरून अडसर घालून बंद ठेवीत. पालखी दाराशी पोचली म्हणजेच ते उघडावयाचे. म्हणजे पालखी एका तोंडाने आत शिरली, तिच्यामागून पंचक्रोशीतील पुरुषांचा लोंढा शिरला, की पुढे बसलेल्या बायकांना हलण्यास जागाच उरत नसे. त्यातच भिंतींवर चढून बसलेली गावची तरुण पोरे गुलालाची पोती खाली रिकामी करीत. डोळे उघडता येत नसत. कोणाचा हात कोणाच्या गळ्यात आहे हे कळत नसे. आणि दरवर्षी त्या लाल अंधारात कानांतील बुगड्या, गळ्यातील डोरली आणि नाकातील नथी ओढल्या जात. तेवढ्यावर थांबणारे हातही थोडेच होते. त्याविषयी बायका आपसांतसुद्धा बोलत नसत.

सन १९३५ च्या जत्रेत फुलाबाई दोन जिवांची असता त्या बोळात सापडली. तिच्या कानाची कड बुगडीसकट फाटून गेली, ती खाली पडली, आणि साळूबाई ह्या तिच्या सासूने अंगावर पडून तिला आडोसा दिला म्हणूनच ती आणि पोटातले मूल वाचले. कोणी तक्रार केली तेव्हा पंच म्हणाले, बाहेरगावचे चोर. जमादार म्हणाला, रामोशी. आता जत्रेच्या दिवशी पंचक्रोशीतील रामोशी सकाळपासून चावडीत हजेरीला बसवून ठेवण्याची पद्धत होती, आणि त्या दिवशीही ते तेथेच, याच जमादाराच्या डोळ्यांसमोर बसलेले होते. तरी दुसऱ्या दिवशी मार त्यांनाच पडला. ज्याला दिवसभर तुम्ही स्वतः कोंडून ठेवलेत त्यानेच बाहेर जाऊन चोरी केली, असे मानण्यास कोणत्या प्रकारची बुद्धी लागते ते सांगता येत नाही. परंतु ती घळवडीत होती.

सन १९३६ च्या चैत्रात, जत्रेला थोडे दिवस उरले असता, सोजराबाई रखमाजी पाटलांच्या ओसरीपुढे येऊन उभी राहिली. फुलाबाईला मुलगा झाला होता. तो पालखीखाली निजवावयाचा असे साळूबाईने नवसात कबूल केले होते, आणि तो नवस फिरविण्याची फुलाबाईची छाती नव्हती.

"पाटील, औंदा बोळाचं दार उघडं ठिवा," सोजराबाई म्हणाली.

पाटील सुपारी कातरीत होते. "का गं? तुझ्या म्हशी न्यायच्या हायेत व्हय तिकडनं?"

ओसरीवरची मंडळी हसली.

"बायका हायेत आत. म्हशींस्नी बी आमी असं कोंडत न्हाई. वाड्याला दोन तोंडं ठिवतो. वाघरू शिरलं तर जनावरानं पळावं कुठं?"

"हितं वाघरू न्हाई, देव येतो."

"देवाच्या मागनं कोण येतं ते तुमी बगितलंय का?"

पाटलांनी अडकित्ता खाली ठेवला. "हे बघ, सोजरे. चोर बाहेरचा. पुन्याहून येतो, साताऱ्याहून येतो. त्याला आमी काय करावं?"

"चोर पुन्याचा आसंल. दार तर तुमचं हाय."

या वाक्यानंतर ओसरीवर कोणी हसले नाही. पाटलांचा आवाज चढला. वाडवडिलांनी घातलेली चाल आहे. देवाच्या आधी दार उघडले तर देव कोपेल. चाल मोडण्याचा अधिकार पाटलाला नाही, पंचांना नाही, कोणालाही नाही. हे त्यांनी अशा गांभीर्याने सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटावे, वाडवडिलांनी बायकांचे कान फाडण्याचीही एक चाल घालून ठेविली होती आणि पाटील बिचारे तिचे केवळ राखणदार होते.

सोजराबाई तेथून निघाली. सबंध घाट चढेपर्यंत तिचा राग कमी झाला नाही. राग पाटलांवर होता, जमादारावर होता, आणि सर्वांत अधिक स्वतःवर होता. कारण इतकी वर्षे तिने घोंगडी अंथरली, पालखी विसावली, उठली, बोळात शिरली, आणि आत काय चालते ते ठाऊक असूनही ती दरवर्षी हात जोडून उभी राहिली होती.

जत्रेच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पालखी वाजतगाजत चौथऱ्यापाशी आली. बोळ बायकांनी केव्हाच भरला होता. फुलाबाई आत होती, मांडीवर मूल, शेजारी साळूबाई. भिंतींवर पोरे पोती घेऊन बसली होती. सोजराबाई चौथऱ्याच्या पायरीवर उभी होती, काखेत घोंगडीची वळकटी, मागे तिचा धाकटा दीर गेणू. पालखी पुढे आली. सोजराबाई हलली नाही.

"अंथर की, सोजराकाकू," पुढचा खांदेकरी कोंडिबा म्हणाला.

"दार उघडल्यावर अंथरते."

वाजंत्री चालू असल्यामुळे मागच्यांना काही कळले नाही. त्यांनी गजर केला. कोंडिबाने खांदा बदलला. पालखी भारी होती. मुखवटा चांदीचा, दांडी सागाची.

"अगं काकू, चेष्टा पुरं झाली. खांदा मोडतोय माझा."

"माझ्या लेकीचा कान गेला कोंडिबा, तुजा खांदा जाईना का."

पाटील गर्दी सारीत पुढे आले. वाजंत्री थांबली. तेवढ्या माणसांत एकदम शांतता झाली, आणि बोळातून तान्ह्या मुलांचे रडणे ऐकू येऊ लागले.

"काय मांडलंयस हे? देव खोळंबलाय!"

"देवाला घाई न्हाई, पाटील. घाई तुमाला हाय. दार उघडाया सांगा, बायकांस्नी पल्याड जाऊ द्या. मग ही घोंगडी म्या पदरानं झाडून अंथरते."

"चाल मोडत न्हाई म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"मग माझीबी चाल हाय. या घोंगडीबिगर पालखी टेकत न्हाई. उभं ऱ्हा."

खांदेकऱ्यांच्या कपाळावरून घाम निथळू लागला. मागून लोक विचारू लागले, काय झाले, कोण मेले. एकजण ओरडला, बाईच्या हातून घोंगडी हिसकावून घ्या. गेणूने काठी नुसती पुढे धरली. जमादार पुढे सरसावला, आणि मानकरणीला देवासमोर हात लावावा की न लावावा याचा विचार करीत तेथेच थांबला.

येथपर्यंत सोजराबाईचा हिशेब बरोबर होता. पाटलांना चाल प्रिय आहे, असे ती धरून चालली होती. दार उघडणे ही एक चाल मोडणे, घोंगडीवाचून पालखी टेकविणे ही दुसरी. दोहोंतून पाटील लहान तेवढी मोडतील, असा त्या भाबड्या बाईचा समज होता. परंतु पाटलांना चाल प्रिय नव्हती. आपला शब्द प्रिय होता.

"शाळेतलं जाजम आणा," पाटील म्हणाले.

कोणाला खरे वाटले नाही. जाजम आले. तांबड्या-निळ्या पट्ट्यांचे, एका कोपऱ्याला शाईचा डाग पडलेले. ते चौथऱ्यावर पसरण्यात आले, आणि पिढ्यान् पिढ्या घोंगडीवाचून न टेकलेली पालखी त्यावर टेकली. देव कोपला नाही. आकाश कोसळले नाही. कोंडिबाने खांदा चोळला, एवढेच.

सोजराबाई क्षणभर पाहत राहिली. मान गेला, हे तिला कळले. सासऱ्याचा, नवऱ्याचा, घराचा. मग तिने घोंगडी गेणूच्या हाती दिली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि भिंतीच्या बाहेरून ती देवळाच्या मागे धावत सुटली. गेणू मागोमाग निघाला.

दाराबाहेर पाटलांनी राखणीला एकच माणूस ठेविला होता. तो कुंडलिक होता. ज्याची बायको, आई आणि मूल आत कोंडलेले होते, त्यालाच बाहेर अडसराजवळ उभे केले होते, आणि तो उभा राहिला होता.

"जावईबापू, बाजूला व्हा."

"मामी, म्या काय करू? पाटलांनी सांगितलंय. पालखीच्या आदी दार उघडत न्हाई."

"पालखी जाजमावर बसली तिकडं. दार बी उघडतं आता."

"जाजमावर?" कुंडलिक गोंधळला. पलीकडे पुन्हा वाजंत्री सुरू झाली. विसावा संपला होता. बोळाच्या दूरच्या तोंडाशी गजर उठला, भिंतीवरून पहिले पोते रिकामे झाले, आणि दाराच्या फटींतून गुलाल बाहेर येऊ लागला. आतून कोणी तरी दारावर थापा मारू लागले.

"तुमचं लेकरू हाय आत. कानानं ऐकताय न्हवं?"

कुंडलिक पुढे झाला नाही, आणि आडही आला नाही. त्याने दाराकडे पाठ केली. "म्या काई बगितलं न्हाई, मामी," तो भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाला.

सोजराबाईने त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती त्याला दिसली नाही, हे त्याचे नशीब. तिने आणि गेणूने अडसराखाली खांदे घातले. आतून दाराला रेटा बसत असल्यामुळे अडसर घट्ट बसला होता. गेणूने काठीची पहार केली. अडसर सुटून दगडावर आदळला, दार भडकन् उघडले, आणि सोजराबाई त्याच्या धक्क्याने मागे पडली. बायका बाहेर आल्या. लाल झालेल्या, खोकत, डोळे मिटलेल्या, मुले उराशी धरलेल्या. साळूबाई एका हाताने फुलाबाईला ओढीत होती. मूल मोठ्याने रडत होते. सोजराबाईने जमिनीवर बसल्या बसल्याच त्याला घेतले, आणि पदराने त्याचे डोळे पुसले.

"नवस राहिला गं माझा," साळूबाई धापा टाकीत म्हणाली.

"नातू राहिला. त्याचं बोला, विहीणबाई."

पालखी रिकाम्या बोळातून गेली. त्या वर्षी कोणाचा कान फाटला नाही, कोणाची नथ गेली नाही. यंदा चोख बंदोबस्त राखल्याबद्दल जमादाराला पंचांनी शेला आणि श्रीफळ दिले. चावडीतील रामोशी अंधार पडल्यावर सोडण्यात आले. त्यांना यंदा मारण्याचे कारण उरले नव्हते, याबद्दल काही मंडळींना थोडे चुकल्यासारखे वाटले असावे. कुंडलिकाला सर्वांदेखत दोन शब्द ऐकावे लागले. पासलीच्या धनगरांचा मान काढून घेतल्याचे पंचांनी देवळात जाहीर केले, आणि दाराला लोखंडी अडसर बसविला.

पुढच्या चैत्रात मात्र बोळात बसण्यास फारशा बायका आल्या नाहीत. साळूबाई, जिने गेल्या खेपेस नवसासाठी सुनेला आत नेले होते, ती या खेपेस देवळाच्या मागील अंगणात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हाताला धरून थांबवीत होती. जाजमाविषयीही गावोगाव कुजबुज झाली. देवाला शाळेतल्या पोरांच्या बसकरावर बसविला, असे हिर्डोशीकडची माणसेसुद्धा म्हणू लागली. तेव्हा त्यापुढच्या जत्रेच्या तोंडावर पंचांनी कोंडिबाला वर धनगरवाड्यावर धाडले.

सोजराबाई धार काढीत होती. कोंडिबा गोठ्याच्या तोंडाशी उकिडवा बसला.

"काकू, पाटील म्हणत्यात, झालं गेलं गंगेला मिळालं. मान तुमचा तुमाला. औंदा घोंगडी घिऊन या."

"दार काढलं का?"

"दार कसं काढतील? ती चाल हाय."

"मग त्यांस्नी सांग. दार बिजागरीतनं काढून भुईवर ठिवा, त्या दिवशी घोंगडी येईल. तवर न्हाई."

"अगं, देव काय म्हणंल?"

"देवाला म्हणावं, खांद्यावरच बस. न्हाईतर जाजमाची सवय झालीच हाय तुला."

कोंडिबाला हसू आले. ते त्याने मिशांत दाबले, ताक प्याला, आणि डोंगर उतरून तो निरोप पंचांना जसाच्या तसा सांगितला. पंचांनी त्यावर पुष्कळ वेळ विचार केला, आणि नवे जाजम आणविले.