पाण्यासोबत पापड

समोरच्या घरात आज नवं बिऱ्हाड आलं, कुठून तरी लांबून. तिथल्या बाई आमच्या दारात डोकावल्या तशी सूनबाईने त्यांना पाणी दिलं आणि सोबत भाजलेला पापड.

आमच्याकडे पूर्वी गूळपाणी द्यायचे. पाण्यासोबत पापडाची रीत आणली ती शेजारच्या मोहिनीकाकींनी. त्या फाळणीत सिंधमधून आलेल्या. पुढे युद्धात ब्लॅकआउट असायचा, तेव्हाही खिडक्यांना काळे कागद लावून त्या आल्यागेल्यासाठी पापड भाजायच्या. म्हणायच्या, "आम्ही छावणीत उतरलो, तर जो तो आधी नाव विचारायचा, गाव विचारायचा. पाणी कोणी विचारलं नाही."

सूनबाईने काकींना पाहिलेलंसुद्धा नाही. नव्या बाई मजेत पापड खात बसल्या आहेत, आणि त्यांचं नाव विचारायचं अजून कुणालाच सुचलेलं नाही.