लांब जिभेची क्लिप

आठ वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात क्लिपा तपासतेय आणि ती क्लिप गाडीत नेमकी कुठं बसते हे मला ठाऊक नव्हतं. दोन बोटं रुंदीचा, ठिकठिकाणी वाकवलेला स्टीलचा पत्रा. एका जातीला लांब जीभ, दुसरीला आखूड. गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसला तर ट्रेमध्ये, नाही बसला तर लाल डब्यात. लाइनवरच्या बायकांची याबद्दल ठाम मतं होती. एक म्हणायची दाराच्या आत असते, दुसरी म्हणायची सीटखाली. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "ब्रेकमध्ये जाते, ताई. तुम्ही नग बघा." ब्रेकमध्ये म्हणजे कुठं? पाय देतो तिथं? सासूबाई म्हणतात, हिला नसत्या चौकशा फार. आहेत, काय करू.

आमची सात सीटची गाडी आहे. आळंदीच्या अलीकडच्या आमच्या गावातून आम्ही सहा बायका दुसऱ्या शिफ्टला त्या गाडीनं जातो आणि आमचे हे ती चालवतात. यातल्या निम्म्या जणींना नोकरीची परवानगी मिळालीय ती या गाडीमुळं. गावातली गाडी, ओळखीचा माणूस, शेजारीण सोबत. कंपनीची बस हमरस्त्यावर सोडते आणि तिथून शिफ्ट सुटल्यावर अंधारात चालत यायचं म्हटलं, तर सासवा दुसऱ्या दिवसापासून घरी बसवतील. गाडी बंद तर नोकरी बंद, इतकं सरळ आहे.

एका रविवारी यांनी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड स्वतःच बदलायला घेतले. मोबाइलवर व्हिडिओ लावून चाक काढलं, जुने पॅड काढले, आणि मग ताटलीत काहीतरी घेऊन स्वयंपाकघरात आले. मी भाकरी थापत होते. बघते तर माझ्याच क्लिपा. आठ वर्षांत पहिल्यांदा कारखान्याच्या बाहेर बघितल्या आणि माहेरचं माणूस दिसल्यासारखं झालं मला.

"व्हिडिओत दुसरीच गाडी आहे. यातली वर कुठली आणि खाली कुठली?" त्यांनी विचारलं.

"लांब जिभेची वर, आखूड खाली."

"नक्की?"

"आठ वर्षं काय गोट्या खेळतेय का मी?"

ते गेले. बाहेर जाऊन वाकून बघावं, एवढी चौकशी त्या दिवशी मला मेलीला सुचली नाही. तव्यावर भाकरी होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कामावर जाताना मोशीच्या पुढं जळकट वास आला. मग डाव्या चाकातून धूर. यांनी गाडी कडेला घेतली आणि आम्ही सहाजणी डबे हातात धरून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. कशाबशा रिक्षा करून कंपनीत पोचलो. पण तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात धाकटीनं, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेल्या पोरीनं, घाबरून घरी फोन केला होता. तिची सासू दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात येऊन सांगून गेली, "माझी सून त्या गाडीत बसायची न्हाई. ब्रेक काय घरी खोलायची चीज हाय व्हय?"

यांनी मान खाली घातली. कुणाच्या सांगण्यावरून बसवलं हे ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही, आणि याची मला आजही लाज वाटते.

गॅरेजवाल्या काकांकडं गाडी नेली तेव्हा मी हट्टानं सोबत गेले. काकांनी चाक काढलं आणि मी जवळजवळ आतच डोकं घातलं. चकचकीत तबकडी, तिला दोन्हीकडून पकडणारे पॅड, आणि पॅडचे दोन कान ज्या लोखंडी खाचांत सरकतात त्या खाचांत माझी क्लिप. एवढीच तिची जागा. ब्रेक दाबला की पॅडनं पुढं जावं आणि सोडला की मागं यावं, म्हणून ती घसरगुंडी. अहो, मला इतका आनंद झाला की आपण इथं कशाला आलोय तेच क्षणभर विसरले.

"उलट्या बसवल्यात," काका म्हणाले. "वरची खाली, खालची वर. आणि बसेना म्हणून ठोकल्यात. पॅड अडकला, तबकडीवर घासत राहिला. भाऊ, क्लिप ठोकायची नसते. टिचकन आवाज येऊन आपोआप बसते."

आणि माझ्या डोळ्यांसमोर कारखान्यातला ट्रे आला. आमच्या ट्रेमध्ये वरच्या ओळीत लांब जिभेच्या क्लिपा लावतात, खालच्या ओळीत आखूड. पेटीत मावाव्यात म्हणून. मी गाडीचं काही सांगितलंच नव्हतं, मी ट्रेचं सांगितलं होतं.

मग काकांना म्हटलं, मला बसवू द्या. त्यांनी आधी खाचेतला गंज तारेच्या ब्रशनं साफ करायला लावला. गंज राहिला तर क्लिप वर उचलते, म्हणाले. मग नव्या क्लिपा, आखूड वर, लांब खाली. टिचकन. कानांना बोटाच्या टोकाएवढं ग्रीस, पॅडच्या तोंडाला थेंबही नाही. नवा पॅड अंगठ्यानं ढकलला तर सरकला पाहिजे, पण सैल वाजता कामा नये. तो सरकला तेव्हा गेजचा आकडा म्हणजे काय असतं ते माझ्या बोटाला कळलं. दुसऱ्या चाकाचंही तसंच केलं. शेवटी पेडल चार-पाच वेळा दाबून घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू दिली नाही.

सोमवारी दुपारी थांब्यावर बाकीच्या बायका आल्या. धाकटीही आली होती, पण डब्याशिवाय. शेजारी तिची सासू.

मी खाली उतरले. "मावशी, यांची चूक नाही. मी सांगितलं तसं त्यांनी बसवलं. मला माहीत नव्हतं आणि माहीत असल्यासारखं मी सांगितलं."

हे स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आन् आता म्हाईत हाय?"

एरवी माझ्या तोंडून "हो" आधी निघतं आणि विचार मागून येतो. त्या दिवशी नाही निघालं. म्हटलं, "आम्ही दोघं रिकामी गाडी घेऊन मोशीपर्यंत जाऊन येतो. तुम्ही स्वतः बघा, मग काय ते ठरवा."

गेलो, आलो. शिफ्टला उशीर होत होता, तरी एकही बाई रिक्षाकडं वळली नाही. म्हातारी गुडघ्यावर हात ठेवून खाली बसली, नाक चाकाजवळ नेलं, मग चाकाच्या जाळीत तळहात टेकवला. बराच वेळ तिथंच ठेवला. उठली, पलीकडं गेली, दुसऱ्या चाकाला लावला.

"दोन्ही सारखीच कोमट हायती," ती म्हणाली आणि पदराआडून सुनेचा डबा काढला. "बस."

ती पोर मागच्या सीटवर बसली. मी पुढं, यांच्या शेजारी. गाडी सुरू झाली तसं मी कुणी विचारलेलं नसताना पुन्हा एकदा म्हणाले, "चूक माझी होती." हे म्हणाले, "ऐकलं सगळ्यांनी." आणि चाकणपर्यंत ब्रेक लागला की दर वेळी सहाही बायका श्वास रोखून ऐकत होत्या, त्यात सगळ्यात जास्त मी.