मायनस अडीच

काल सकाळी सिडकोतल्या अभ्यासिकेच्या पायरीवर मी फिजिक्सची वही मांडीवर घेऊन बसलो होतो... हसू नका, खरंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एस.वाय.ला सरांशी वाजलं आणि मी कॉलेज सोडलं. आता मामाच्या गॅरेजवर असतो. एफ.वाय.चा फिजिक्सचा पेपर तेवढा राहिलाय, तो निघाला तर पुन्हा ॲडमिशन मिळेल.

शिकवते ऋतुजा. तेव्हा माझ्याच वर्गात होती, आता एम.एस्सी. करते. ती माझी कोण, असं विचारू नका... मलाच अजून तिला विचारायचंय.

त्याआधीच्या रविवारी मी चिडून पेन भिरकावला होता. तेव्हाच तिनं बजावलं, पुन्हा असं केलंस तर पेपरचं तुझं तू बघ.

कालचं न्यूमरिकल पुलीचं. दोरीला एकीकडे पाच किलो, दुसरीकडे तीन. मी सवयीनं आकडे उचलून फॉर्म्युल्यात कोंबायला निघालो, तर म्हणे आधी चित्र काढ. मग कोणत्या वजनाला कोण ओढतंय त्याचे बाण. मग एक दिशा धर आणि शेवटपर्यंत ती बदलू नको.

मी मुकाट्यानं केलं. मामाला सांगितलं तर खोटं वाटेल. तीन किलो खाली येतंय असं धरलं आणि सोडवत गेलो...

ॲक्सिलरेशन आलं मायनस अडीच.

डोकंच सटकलं. एवढं सगळं करून मायनस? पान फाटेल अशी काट मारणार, तेवढ्यात तिनं वहीवर हात ठेवला.

"खोडू नको. बरोबर आहे."

मी बघतच राहिलो... हाताकडे.

"ओ साहेब, कागदाकडे बघा. तीन किलो खाली येतंय हे तू धरलंस. ते वर चाललंय, मायनस एवढंच सांगतोय. त्याच्यावर कशाला चिडतोस?"

म्हणजे कॉलेजात मायनस दिसला की मी जे खोडायचो, ते बरोबर होतं? म्हणाली, काही असेल, काही खरंच चुकलेलं असेल, लगेच कॉलर ताठ करू नको.

निघताना तीन न्यूमरिकल्स दिली आणि पुढच्या रविवारी लवकर ये म्हणाली. दिवसभर गॅरेजवर मी कोणावर ओरडलो नाही. मामानं दोनदा विचारलं, बरं आहे ना तुला?

उत्तर मनासारखं आलं नाही की आपण दिशा कुठली धरली होती, ते आधी बघायचं. हे कॉलेजात कोणी सांगितलं नाही... किंवा सांगितलंही असेल, मीच वर्गातून उठून गेलो असेन.

थँक्यू, ऋतुजा. हे वाचून लगेच फोन करू नकोस, तिसरं न्यूमरिकल चालू आहे.