झडतीवरची तक्रार

मामाजींवर बंदी मीच घातली. मामाजी म्हणजे माझे सासरे, आणि बंदी म्हणजे मोबाईलवरच्या आमच्या कपाशी-तूर गटातून. सासऱ्याला घराबाहेर काढल्याचं पाप एक वेळ फिटेल, गटाबाहेर काढल्याचं फिटत नाही, हे मला त्या पोळ्याला कळलं.

बोंडअळीची वर्षं होती ती. आमच्या तिवशापासून बाळापूरपर्यंत जो तो बोंड फोडून फोटो टाकायचा आणि विचारायचा, ही तीच का? दुकानदाराला विचारलं की तो उत्तराऐवजी बाटलीच काढून ठेवायचा, म्हणून लोक गटात विचारत. मी शेतीचं शिक्षण घेतलेली सून, तेव्हा गट माझ्या गळ्यात पडला. मला शिस्तीची हौस. बसल्या बसल्या नियम लिहून काढले. शिवी नाही, जाहिरात नाही, गुलाबाची फुलं डकवून शुभ सकाळ नाही, कोणावर व्यक्तिगत टीका नाही. काही खटकलं तर ‘तक्रार करा’वर बोट ठेवायचं, तक्रार कोणाची ते फक्त मला दिसणार. शिक्षा पटली नाही तर लेखी अपील करायचं. अपिलाची सोय तर मला फारच आवडली होती. अपील करणारा माणूस माझ्याच स्वयंपाकघरात चहा मागायला येईल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

लोकांना तक्रारीचं बटण मिळाल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. एकानं शेजाऱ्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरल्याची तक्रार केली. एकानं लोडशेडिंगची केली. एका आजोबांनी नातसुनेच्या वांग्याच्या भाजीची केली, वर फोटो जोडला. भाजी खरंच पातळ होती, पण माझ्या अधिकारात बसत नव्हती.

आणि मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी झडत्या होतात. झडती म्हणजे यमक जुळवून भर गावात काढलेली एकमेकांची खोड. ज्याच्यावर झडती पडली त्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं. नाही सुचलं तर तो हरला, मग वर्षभर लोकांचं ऐकून घ्या. मामाजी या कामातले पैलवान. पण गावातल्या जोड्या वर्षागणिक कमी होत चालल्या होत्या. चारा नाही, भाड्याचा ट्रॅक्टर दारात येतो, बैल ठेवायचा कोणी? तोरण आखूड झालं तशी मामाजींनी आपली कुस्ती मोबाईलवर आणली. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात त्यांनी गटात टाकलं:

बाळापूरच्या चाचाची जोडी लय भारी,
एक झोपे बांधावर, दुसरा पाहे दारी.
मालक ओढे वखर, बैल धरे रुमन,
सांजीले तिघाइचं ढेपीवर जेवन.

बाळापूरचे चाचा म्हणजे मामाजींचे जुने दोस्त. परतवाड्याच्या बैलबाजारात एकाच गोऱ्ह्यावरून दोघांचं भांडण झालं होतं, गोऱ्हा तिसऱ्यानंच नेला, आणि हे दोघं चहा प्यायला गेले ते तेव्हापासूनचे मित्र. दर पोळ्याला फोनवरून एकमेकांची उतरवल्याशिवाय दोघांना पुरणपोळी गोड लागत नसे. मालक वखराला जुंपलेला, वखराचा दांडा बैलाच्या हाती आणि रात्री तिघांना सरकीची पेंड, हे चित्र गटात सगळ्यांना आवडलं, हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तेवढ्यात तक्रार आली. व्यक्तिगत टीका. तक्रारदार कोण पाहिलं, तर खुद्द चाचा.

मी चक्रावले. पण नियम तो नियम. झडती काढून टाकली आणि मामाजींना पोळा होईपर्यंत गटबंदी केली. ते ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

“सूनबाई, मले काहून काढलं?”

“तक्रार आली मामाजी.”

“कोनाची?”

“ते सांगता येत नाही. अपील करा. लेखी. स्वयंपाकघरात अपील चालत नाही.”

ते गोठ्यात जाऊन बसले. बऱ्याच वेळानं माझ्या फोनवर अपील आलं. “ॲडमिनबाईस नमस्कार. मी टीका नाही केली, झडती देली. झडतीले तक्रारीनं उत्तर देनारा मानूस म्हनजे कुस्तीत पोलीस बलावनारा. बंदी उठवावी अन् त्याचं नाव सांगावं. ता. क. आजच्या चहात साखर नव्हती.” साखर नव्हती हे खरं होतं. मीच रागात विसरले होते.

मी गुपचूप चाचांना फोन लावला. म्हटलं, चाचा, तुम्हीच?

“हो बेटा. उत्तरच सुचून नाही राहिलं,” चाचा म्हणाले. “कोर्टात वकिलाले काही सुचलं नाही का तो तारीख घेते. म्या बी तारीख घेतली. त्याले सांगू नको.”

मला हसू आवरेना, पण नाही सांगणार असा शब्द दिला. एवढ्या नियमांचा असा उपयोग होईल असं नियम लिहिणारीला वाटलं नव्हतं. फोन ठेवता ठेवता विचारलं, जोडी बरी आहे ना? “बरी असन,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. आपल्याच बैलांबद्दल कोणी ‘असन’, म्हणजे असेल, असं म्हणतं का, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

अपिलाचा निकाल मी मोठ्या ऐटीत दिला. पोळ्यापुरती झडती चालेल, पण जिच्यावर किंवा ज्याच्यावर झडती आहे त्याची मंजुरी पाहिजे. मंजुरी आणा, बंदी उठवते. मामाजी खुशीत आले. चाचा काय, हसत देईल. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. पलीकडून चाचा म्हणाले, “इचार करून सांगतो.”

मामाजींचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. सगळं सांगून टाकावं असं जिभेवर आलं, पण शब्द दिलेला. ते दिवसभर बैलांची शिंगं रंगवत बसले, एकाच शिंगाला पुन्हा पुन्हा हिंगूळ. मध्येच मला म्हणाले, “सूनबाई, तो रागावला असन का? इचार करनारा मानूस नाही तो.” बंदीचं त्यांना काहीच राहिलं नव्हतं. दोस्त गेला की काय, एवढंच मनात घोळत होतं. सासूबाईंनी मात्र निकाल दिला, “तुम्ही दोघंबी भैताड हा. अन् ॲडमिन तिसरी.” या निकालावर अपील नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली जोड्या लागल्या. मामाजी झडती द्यायचं सोडून आपल्या जोडीची झूल नीट करत उभे होते. पोरं म्हणत होती, बुढ्यानं यंदा हार मानली. इतक्यात एसटी थांब्याकडून चाचा चालत आले. नवी टोपी, हातात नुसती वेसण, वेसणीला बैल नाही. ते थेट मामाजींसमोर उभे राहिले आणि भर गावात म्हणाले:

बैल इकले भाऊ, खुट्टा झाला रिता,
वखर आता मीच ओढतो, तू खरंच बोलत होता.
जोडीले लागते दोन, एकानं भागत नाही,
तिवस्याचा बुढा बैल जुपल्याबिगर जात नाही.

गाव असं हसलं की जोड्या बुजल्या. मामाजी उत्तर द्यायला तोंड उघडत होते आणि मिटत होते. शेवटी त्यांनी मान वाकवली आणि चाचांच्या शेजारी जाऊन तोरणाखाली उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. सासूबाईंनी बैलांना ओवाळलं, मग तेच ताट या दोघांपुढे धरलं आणि एकेक पुरणपोळी घास न करता तोंडात कोंबली. मामाजींच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी सांगितलं, पोळी गरम होती. ती सकाळची होती.

मी हे सगळं मोबाईलवर टिपलं होतं. घरी येऊन मामाजींची बंदी उठवली आणि ते गटात टाकलं. चाचा अंगणात पाय धूत होते, मामाजी गोठ्यात गेले होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. तक्रार. व्यक्तिगत टीका, ‘बुढा बैल’ या शब्दाबद्दल. तक्रारदार, मामाजी.

मी गोठ्यात गेले. ते फोन पाठीमागे लपवून बैलाला चारा घालत होते.

“उत्तर सुचत नाही ना?”

“तारीख दे,” ते बैलाकडे पाहत म्हणाले.

मी अंगणात येऊन दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल सांगितला. सुनावणी पुढच्या पोळ्याला, याच तोरणाखाली, तक्रारदार आणि आरोपी दोघांनी जातीनं हजर राहायचं.