कागदावरची खळी

“हसा बघू जरा.”

अर्जात ‘ओळखीची खूण’ हा रकाना आला की आमचे अर्जनवीस पेन थांबवून समोरच्याला असं सांगत.

रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीच्या पडवीत बसून ते लोकांचे अर्ज लिहून देत. मी आत कारकून. तीळ, व्रण असल्या खुणा कुणीही लिहील. यांना खळी हवी असायची. तुम्हीही असली छांदिष्ट माणसं पाहिली असतील. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा वैताग यायचा.

दुपारी डबा खाताना प्रश्न सुरू. “गालावर पडते ती खळी. भात झोडतो ते खळं, दोन झाली की तीही खळीच. चंद्राभोवती पडतं तेही खळं. इथवर सगळं गोल, जमलं. पण लखोटा चिकटवायची खळ? ती कुठे गोल आहे हो?”

“चिकटते ना, झालं.”

“तसं नाही चालत,” म्हणत ते पोळीचा तुकडा हातात धरून बसत.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात संगमेश्वराकडची एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आली. नवऱ्यामागचं पेन्शन त्यावरच चालू राहणार होतं. जन्मभर काजू सोलून चिकाने बोटांच्या रेषाच गेलेल्या. यंत्र अंगठा घेईना. मग जुना कागद काढला. त्यात खूण होती : डाव्या गालावर खळी.

आमचे नवे साहेब घाटावरचे. त्यांनी आजीकडे नीट पाहिलं. “कागदावर आहे. गालावर कुठाय?”

आजीचा चेहरा आणखीच उतरला. अशाने खळी पडणार कशी?

मी पडवीतून अर्जनविसांना बोलावलं. त्यांनी दोन विनोद सांगितले. साहेब हसले, आजी नाही. मग त्यांनी नवऱ्याचं नाव विचारलं.

“तेंचा नाव कसा घेऊ वो?”

“बरं, राहू दे. ते तुम्हाला काय म्हणून हाक मारायचे?”

आजीने पदर तोंडाशी धरला. “लोकांत नाय सांगायचा ता.”

“साहेबांना लिहायचंय.” साफ थाप.

“खळू,” आजी म्हणाली आणि पदराआड हसली.

“पदर खाली घ्या, आजी!” ते जवळजवळ ओरडलेच.

सुरकुत्यांच्या गर्दीत खळी होती. साहेबांनी वाकून पाहिली आणि सही केली. माझे डोळे भरून आले, त्यात लाज कसली?

यंदाच्या पावसाळ्यात अर्जनवीस वारले. आजी नोव्हेंबरात पुन्हा आली. यंत्र आता चेहराच बघतं, त्यामुळे दाखला दोन मिनिटांत झाला. तरी ती पडवीत थांबून त्यांची वाट बघत होती. मी बाहेर जाऊन सांगितलं.

मग ती म्हणाली, “तेंच्या गालावर खळी पडायची काय वो?”

अकरा वर्षं मी त्यांच्यासमोर बसून डबा खाल्ला. मला आठवेना.