मावशींचे दोरे

मावशी दोरा दातांनी तोडायच्या. समोर कात्री असायची, पण ती केळीचं पान कापायला. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर आमच्या वाचनालयाच्या जिन्याखाली त्यांचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पाट, दोन टोपल्या आणि ओलं गोणपाट. डाव्या मांडीवर पुस्तक उघडं, पानं उडू नयेत म्हणून त्यावर तराजूतलं लहानसं माप, आणि दोन्ही हात शेवंतीत. फुलांकडे त्यांना बघावं लागत नसे. कट् असा आवाज आला की समजावं, हार तरी संपला किंवा प्रकरण तरी.

मी त्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. मूळची नांदगाव खंडेश्वरकडची. घरी आई वऱ्हाडी ‘मले-तुले’च बोलायची, मीही तेच बोलायची, पण वाचनालयाचा जिना चढला की माझी भाषा बदलायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याच्याशी त्याचा संबंध आहे.

मावशींची शाळा चौथीपर्यंत. खरं वाचन झालं ते रद्दीवर. फुलांच्या पुड्या बांधायला जुनी मासिकं, वर्तमानपत्रं यायची. पुडी बांधण्याआधी त्या ते पान वाचून घ्यायच्या. अडचण एकच होती. गोष्ट पानाच्या शेवटी तुटायची आणि पुढचं पान कुणाच्या तरी गजऱ्याबरोबर निघून गेलेलं असायचं. सभासद व्हायला वर आल्या तेव्हा कारण विचारलं, तर म्हणाल्या, “वीस वर्सं मी अर्ध्याच गोष्टी वाचल्या व बाई. पुढं काय झालं ते मले कोनी सांगतलंच नाही. म्हनून तुह्या लायबरीत आली.”

वाचता उत्तम यायचं, लिहिणं मात्र सहीपुरतं. म्हणून मत नोंदवायची त्यांची स्वतःची रीत होती. पटलं तिथे पानात पांढरा दोरा. खोटं वाटलं तिथे पूजेचा लाल दोरा. आणि काही विचारायचं असेल तिथे पांढऱ्या दोऱ्याला एक गाठ. पुस्तक परत करताना त्या मला दोऱ्यादोऱ्याने सगळं समजावायच्या आणि मग म्हणायच्या, “झालं माहं. आता काढ तुहे दोरे.” परत आलेल्या पुस्तकांतून मी रोजच एसटीची तिकिटं, औषधाच्या चिठ्ठ्या, मोरपिसं काढते. त्यात मावशींचे दोरे. कचऱ्याच्या डब्यात सगळं एकच.

त्या वर्षी आमच्याकडे एका ऐतिहासिक कादंबरीने धुमाकूळ घातला होता. सहाशे पानं, मुखपृष्ठावर उधळलेला घोडा आणि वाऱ्यावर पदर. एक तरुण सरदार, त्याच्या वैऱ्याची मुलगी, दोघांचं प्रेम. सगुणा नावाची दासी दोघांचे निरोप पोचवते. शेवटी ती चोरदरवाजा उघडते, दोघं घोड्यावरून पळून जातात आणि सगुणा आतून अडसर लावते. मग पुढची पन्नास पानं लग्न आणि लढाई.

या पुस्तकावरून वाचनालयात रोज भांडण. इतिहासाचे निवृत्त मास्तर म्हणत, “एका रात्रीत तो घाट घोडा चढूच शकत नाही. दोन माणसं पाठीवर घेऊन तर नाहीच नाही.” वकिलीणबाई तीन वेळा रडल्या होत्या आणि घोड्याबद्दल बोलणाऱ्यांना काळीज नसतं, असं त्यांचं मत होतं. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, “त्याने तिला एकदा तरी विचारलं का, येतेस का म्हणून? सरळ उचलून घोड्यावर बसवलं.” वकिलीणबाई म्हणाल्या, “तुला कुणी उचललं नाही अजून, म्हणून बोलतेस.” मास्तरांनी पुन्हा घाटाची उंची काढली.

मावशी त्या दिवशी पुस्तकाची मुदत वाढवायला वर आल्या होत्या. दारात उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “तुमी सारेच त्या घोड्यावर बसून निंगून गेले. मांगं कोन राह्यलं, ते पाहा न.”

“कोण राहिलं?” मास्तरांनी विचारलं.

“सगुणा. सकाळी गडावर कल्ला झाला असन न? अडसर कोन लावला, हे विचारलं असन न? मंग तिचं काय झालं? सहाशे पानाचं बुक, अन् तिले एक पान नाही भेटलं.”

मलाही हे सुचलं नव्हतं, आणि मी पुस्तक दोनदा वाचलं होतं. लेखक पुण्याहून आमच्याकडे वाचकांशी बोलायला येणार होते. चार वाचक आपापली मतं मांडणार होते. मी तिथल्या तिथे चौथं नाव मावशींचं घातलं. त्या नाही म्हणत होत्या, मीच आग्रह केला.

पुढचे पंधरा दिवस खाली मावशींची तयारी चालली. मी जिना चढता-उतरता ऐकायची. पुस्तक उघडायच्या, दोऱ्याचं पान काढायच्या आणि टोपलीला सांगायच्या, “हे पाहा, हे पटलं मले.” नायिका भर दुपारी बागेत मोगरा तोडते तिथे लाल दोरा होता. “दुपारी मोगरा कोन तोडते? लेखकानं बाजारातून आनला असन.” हे वाक्य त्यांनी मला तीन वेळा म्हणून दाखवलं. हसू कुठे यायला हवं, हेही विचारलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. आमच्याकडे ती एकच प्रत होती आणि अध्यक्षांना ती मंचावर, लेखकांच्या सहीसाठी हवी होती. मावशी म्हणाल्या, “या खेपेले दोरे राहू दे बाई. त्यायच्याशिवाय मले बोलता नाही येनार.”

मी हो म्हटलं.

संध्याकाळी मंचाचं टेबल लावताना पुस्तक समोर ठेवलं. चहूबाजूंनी दोरे लोंबत होते, पुस्तकाला मिशा फुटल्यासारखे. काही पानांच्या कडांना झेंडूचा पिवळा डाग. पुण्याचा माणूस काय म्हणेल, असं मनात आलं. मी एकेक दोरा ओढून काढला. कडा ओल्या फडक्याने पुसल्या. मावशींना आठवेलच सगळं, अशी स्वतःची समजूत घातली. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक गोष्ट मनात आली. दोरे नसले तर त्या थोडक्यात आटोपतील. त्यांचं ‘मले’ आणि ‘काहून’ पाहुण्यांना फार वेळ ऐकावं लागणार नाही. मी विसरले नव्हते. मी ते समजून-उमजून केलं.

मावशी इस्त्रीचं पातळ नेसून आल्या. लेखकांच्या पत्नीसाठी गजरा आणला होता. त्या आल्याच नव्हत्या, म्हणून तो हातातच राहिला. मास्तर घाटावर बोलले, वकिलीणबाई बोलता बोलता चौथ्यांदा रडल्या, कॉलेजच्या मुलीने उचलून नेण्याचा मुद्दा मांडला. लेखक सगळ्याला मान डोलवत होते. मग मी मावशींचं नाव घेतलं.

त्यांनी टेबलावरून पुस्तक उचललं आणि बोटाने कडा चाचपली. पुन्हा चाचपली. मग पानं उलटायला लागल्या, आधी सावकाश, मग भराभर. ध्वनिक्षेपकातून फक्त पानांचा आवाज येत होता. मागे कुणीतरी हसलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी हातातली यादी वाचत असल्यासारखं केलं. यादीत वाचण्यासारखं काही नव्हतं, चारच नावं होती.

मला त्यांचा प्रश्न पाठ होता. उठून एवढंच म्हणायचं होतं की, मावशींना सगुणेबद्दल विचारायचं आहे. त्याऐवजी मी ध्वनिक्षेपक आपल्याकडे ओढला आणि माझ्या जिन्यावरच्या भाषेत म्हणाले, “मावशींना वाचनाची मनापासून आवड आहे. आमच्या वाचनालयाला त्यांचं फार कौतुक वाटतं. धन्यवाद मावशी.”

टाळ्या झाल्या. लेखक उठून म्हणाले, “फुलांच्या टोपलीपर्यंत माझं पुस्तक पोचलं, लेखकाला आणखी काय हवं?” पुन्हा टाळ्या झाल्या. मावशी जागेवर जाऊन बसल्या. गजरा अजून हातातच होता.

कार्यक्रमानंतर त्या माझ्या टेबलापाशी आल्या. “दोरे कुठी गेले व बाई?”

मी म्हणाले, “झाडणाऱ्या बाईने काढले असतील, मावशी.”

“झाडनारी बाई पुस्तकाले हात नाही लावत,” त्या म्हणाल्या. मग कनवटीतून वाचनालयाचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि जिना उतरल्या.

त्यानंतर त्या तिथेच बसायच्या, पण मांडीवर पुस्तक नसायचं. पुडीचा कागदही न बघता बांधायच्या. मी दोन-तीन महिने मागच्या दाराने ये-जा केली. मग एके दिवशी जिन्याखाली पाट दिसला नाही. शेजारच्या नारळवाल्याने सांगितलं, पोराकडे अकोल्याला गेल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटली ती सुटका. पुढच्या दाराने जायला लागले.

मागच्या वर्षी त्या कादंबरीचे टाके उसवले. बांधणीला द्यायच्या आधी मी पानं मोजायला बसले, तर शिवणीत एक दोरा अडकलेला. पांढरा, मधोमध गाठ. आत रुतल्यामुळे तेव्हा माझ्या हाताला लागला नसावा. पान कोणतं ते बघायची गरज नव्हती. तरी बघितलं. सगुणा अडसर लावत होती.

नारळवाल्याकडून पत्ता घेतला आणि रविवारी अकोल्याची एसटी धरली. जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे, एका अरुंद गल्लीत मावशी ओट्यावर बसून हार करत होत्या. साखरेने डोळे गेले होते, पुढचे दातही. हात मात्र तेच होते. आवाजावरून मला ओळखलं. “लायबरीवाली बाई. काहून आली व?”

मी दोरा त्यांच्या हातात ठेवला. बोटांना गाठ लागली तसे हार करणारे हात थांबले.

“ते दोरे मीच काढले होते, मावशी.”

“ठाऊक हाये मले.”

“चुकलं माझं. बाकीच्या दोऱ्यांत काय होतं ते सांगा, मी लिहून घेते.”

“आता कुठी आठवते? तवा सांगाले उभी होती, तवा तू यादी वाचून राहिली होती.” मग दोऱ्याची गाठ चाचपत म्हणाल्या, “हे गाठ तेवढी आठवते. तू त्याले विचारलं काय?”

“कोणाला?”

“लेखकाले. तिचं काय झालं म्हनून. इतके वर्सं झाले. नंबर हाये न तुह्यापाशी?”

नंबर होता. पाहुण्यांच्या वहीत पहिल्या दिवसापासून होता.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातून मी लेखकांना फोन लावला. फार सभ्यपणे बोलले. अमरावतीचा कार्यक्रम आठवत होता, कचोरी आठवत होती. सगुणा आठवेना. “दाराचा अडसर लावते ती,” मी म्हटलं.

“हां, ती दासी होय. अहो बाई, तिचं पुढे काही नाही. दार लावायला कुणीतरी हवं होतं, म्हणून घातली.”

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा अकोल्याला गेले आणि लेखकांचे शब्द होते तसेच मावशींना सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं. राग नाही, आश्चर्य नाही.

“मंग तो बी तुह्यासारखाच निंगाला,” त्या म्हणाल्या. आत तोंड करून सुनेला चहा टाकायला सांगितला आणि झेंडूच्या हाराचं टोक माझ्याकडे सरकवलं. “घे, तोड हे. मले दात नाहीत.”

मी कात्री शोधायला लागले.

“कात्री नाही इथी. दातानं तोड.”

दोरा ओला होता. दोनदा दाताखाली घ्यावा लागला तेव्हा तुटला. झेंडूचा कडवटपणा चहा पिऊनही जिभेवरून गेला नाही.